‘आई अज्ञात’: एका अहवालाबद्दल

आज ज्या अहवालाबद्दल बोलायचंय त्याच्या जर्मन नावाचा अर्थ आहे ‘आई अज्ञात’. 2024 साली तो स्वित्झर्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. झुरिक आणि थुरगाऊ या तिथल्या दोन प्रांतांनी अभ्यासकांकडून ही चौकशी करून घेतली. विषय होता, 1973 ते 2002 या काळात भारतातून तिथं दत्तक गेलेली मुलं.

त्यातली मुख्य गोष्ट अशी, की स्विस कायद्याला जन्मदात्या आईबापांची संमती हवी होती, पण तपासलेल्या कागदांत ती सापडत नाही. तरी दत्तकविधानं मंजूर झाली. हा दोष अहवाल स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या पदरात टाकतो. इथं आम्ही त्याला दाद देतो.

पण ‘अज्ञात’ या शब्दापाशी आम्ही अडतो. अज्ञात कुणाला? बाळंतपण कुणीतरी केलं, मूल कुणीतरी संस्थेत आणून दिलं. माहिती होती, ती कागदावर आली नाही.

आणि निम्मे कागद तर आपल्याकडचे आहेत. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली आपलीच न्यायालयं परदेशी जोडप्याला मुलाचं पालक नेमायची, दत्तकविधान तिकडे व्हायचं. 1984 साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिले: आधी भारतीय घर शोधा, आईला फेरविचाराला वेळ द्या. म्हणजे काय चुकतंय, हे तेव्हाच कळलं होतं.

कुणी म्हणेल, कुमारी मातेला गुप्तता हवी होती. खरंय, आणि तिची लाज राखणं हे पुण्याचंच काम होतं. पण नाव गुप्त ठेवणं वेगळं आणि नाव न नोंदवणं वेगळं. गुप्त ठेवलेलं नाव पुढं कधी तिच्या मर्जीनं उघडता येतं. न लिहिलेलं कसं उघडणार?

आपल्या जिल्ह्याला हा फरक कळायला हवा. 1993 च्या भूकंपानंतर अनाथ झालेल्या लेकरांसाठी नळदुर्गला पन्नालाल सुराणांनी ‘आपलं घर’ उभं केलं. सुमारे 1,200 मुलं भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेली. ते दत्तक नव्हतं, तुलना पुरी होत नाही. पण मूल सास्तूरचं असेल तर ते सास्तूरचंच राहिलं. गाव सुटलं, नाव सुटलं नाही.

नेदरलँड्स, स्वीडन, दक्षिण कोरिया यांनी आपापल्या चौकश्या केल्या. मुलं स्वीकारणारे देश बोलू लागले, मुलं पाठवणारा दक्षिण कोरियाही बोलू लागला. मुलं पाठवणाऱ्या आपण मात्र एखाद्या संस्थेच्या फौजदारी तपासापुरतंच बघतो. चौकशी नेमायची तेव्हा नेमा. पण संस्थांची आणि न्यायालयांची जुनी दप्तरं आधी सांभाळा. वाळवी कुठल्याच आयोगाची वाट बघत नाही. चाळिशी-पन्नाशीतलं कुणी आईचं नाव विचारत परत येईल, तेव्हा निदान कपाट तरी रिकामं नसावं.