‘सिंहासन’ आणि सीमेवरचा मतदार

अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ साली ‘सिंहासन’ हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. मराठीतील राजकीय कलाकृतींचा विषय निघाला की आजही प्रथम हेच नाव निघते, आणि ते योग्यच आहे. मंत्र्यांचे डावपेच आणि पत्रकाराची हतबलता इतक्या नेमकेपणाने मराठीत क्वचितच आली.

तरी एक उणीव नोंदवणे भाग आहे. येथे आमदार मोजले जातात. त्यांना निवडून देणारा मुलूख मात्र फारसा दिसत नाही. चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, महाराष्ट्राने त्रिशंकू कौल दिला होता: जनता पक्ष ९९, काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. इंदिरा काँग्रेसचा मोठा आधार विदर्भ होता. पश्चिम महाराष्ट्राचा कल निराळा होता. मुंबईतील सत्तास्पर्धेची मुळे अशा प्रादेशिक भेदांतही असतात. साधू स्वतः परतवाड्याचे, म्हणून ही उणीव अधिक जाणवते.

आपल्या भागात तर हा भेद फारच ठळक आहे. १९७७ साली मध्य प्रदेशातील ४० पैकी एकच लोकसभा जागा काँग्रेसला मिळाली, ती छिंदवाड्याची. २०१९ साली २९ पैकी पुन्हा एकच, आणि तीही हीच. याला कुणी आंधळी निष्ठा म्हणेल. पण १९९७ च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघाने कमलनाथांऐवजी सुंदरलाल पटवांना निवडले आणि पुढच्याच वर्षी कमलनाथांना परत आणले. २०२३ मध्ये राज्यभर भाजप जिंकला, तरी सौंसर-पांढुर्ण्यासह येथील सातही विधानसभा जागा काँग्रेसकडे राहिल्या. २०२४ मध्ये लोकसभेची जागा मात्र भाजपने घेतली. हा मतदार कोणत्या निवडणुकीत काय तोलतो, हे निव्वळ ‘लाट’ या शब्दाने उलगडत नाही.

जामसांवलीच्या हनुमंतासमोर नागपूरचा आणि सौंसरचा भाविक एकाच रांगेत उभा असतो; दोघांची बोलीही जवळची. मताची गणिते मात्र दोन राज्यांची. भोपाळच्या हिंदी लेखनात आपली मराठी नसते आणि मुंबईच्या मराठी लेखनात आपले मत नसते. आपली मुले मराठी वाचतात, पण तीत स्वतःचे सार्वजनिक जीवन त्यांना सापडत नाही. मग ती भाषा घरापुरती उरते. साधूंनी मुंबईची सत्ता जितक्या बारकाईने पाहिली, तितक्याच बारकाईने सौंसरचे एखादे मतदान केंद्र पाहणारी कादंबरी येथूनच लिहिली जायला हवी.