'रेव्ह पार्टी उधळली' : बातमीच्या बाहेर राहिलेली माणसं

लोणावळ्यात उभं राहून लोणावळ्याच्या बंगल्यांबद्दल बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. इथल्या कितीतरी घरांची चूल शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर पेटते. तरी आज बोलू या. विषय तसा एका बातमीचा आहे.

ही बातमी तुम्ही वाचलेली आहे. गावं बदलतात, साचा तोच. मध्यरात्रीचा छापा, बंगला, इतके तरुण, इतक्या तरुणी, दारूच्या बाटल्या, पांढरी पावडर आणि शेवटी 'वैद्यकीय तपासणीसाठी पाठवण्यात आले'. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे इथे अडीचशेहून अधिक तरुणांना पकडलं, आणि 'रेव्ह पार्टी' हा शब्द मराठी वाचकाच्या डोक्यात पक्का बसला. आमची तक्रार या शब्दाबद्दल आहे. तो इतका गोंगाट करतो, की त्याच्या पलीकडचं काही ऐकूच येत नाही.

कारण आम्ही ज्याबद्दल बोलतोय तिथे गोंगाट नसतोच. चार-सहा पुरुष, ओढलेले पडदे, हळू आवाजातलं गाणं. शेजारी तक्रार करत नाही, पोलीस येत नाहीत, बातमी होत नाही. याला जगभर 'केमसेक्स' म्हणतात. लंडनचे कार्यकर्ते डेव्हिड स्टुअर्ट यांनी हा शब्द रुजवला. ते २०२२ साली गेले. समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांनी मेफेड्रोन, क्रिस्टल मेथ, जीएचबी अशी ठरावीक रसायनं संबंधांसाठीच, संबंधांच्या वेळी घेणं, असा त्याचा नेमका अर्थ. आपल्याकडे ॲपवर 'हाय फन' लिहिलेलं असतं. सगळे समलिंगी पुरुष हे करतात का? नाही, बहुतेक करत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर उद्या आमच्याच भाषणाचा मथळा व्हायचा.

आणि ही परदेशी थेरं आहेत म्हणून हात झटकायचीही सोय नाही. मेफेड्रोन म्हणजे पोलिसांच्या पत्रकातलं 'एमडी'. २०१५ मध्ये ते एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी ते शेकडो किलोंनी पकडलं ते याच जिल्ह्यात, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत.

आता, मावळच का? शहरात एकट्या मुलाला घर भाड्याने मिळता मिळत नाही. आई-वडिलांच्या दोन खोल्यांत दार लावून घ्यायची सोय नाही. इथे लोकल येते, द्रुतगती मार्ग येतो, तुंगार्ली, कार्ला, पवनेच्या काठी बंगले भाड्याने मिळतात. पण जो आडोसा हवा म्हणून माणूस इथवर येतो, तोच आडोसा मदतीला लांब ठेवतो.

जरा वैद्यकीय बाजू बघू, कारण बातमीत तीच नसते. मेफेड्रोनची नशा लवकर उतरते, म्हणून पुन्हा पुन्हा घेतलं जातं. झोप नाही, पाणी नाही, अन्न नाही, दुखलेलं कळत नाही. कंडोम राहून जातो. शरीराच्या नाजूक जागी जखमा होतात आणि एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस सी यांना वाट मिळते. एकच सुई, नाकात ओढायची एकच नळी फिरली तरी हिपॅटायटिस सी पसरू शकतो. त्याला लस नाही. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात उपचार मोफत आहेत, पण बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो. ज्याला आधीच एचआयव्ही आहे त्याच्या रोजच्या गोळ्या चुकतात. शिवाय काही गोळ्यांमधलं रिटोनाविर ही रसायनं शरीरात जास्त वेळ रेंगाळू देतं. हे पॅकेटवर कोण वाचतो!

आणि ७२ तासांचा हिशेब बघा. संसर्गाची शंका आली तर पीईपीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या. शुक्रवारी रात्री बसलेली मंडळी रविवारी उठतात, सोमवारी दिवसभर झोपतात, मंगळवारी डोकं ठिकाणावर येतं. मुदत संपत आलेली किंवा संपलेलीही असते.

इथे आमची टीका सरकारी कार्यक्रमावरही आहे. त्याचे कप्पे ठरलेले आहेत: एका कप्प्यात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, दुसऱ्यात सुईने नशा करणारे. पहिल्यात कंडोम, दुसऱ्यात सुया आणि अफूजन्य नशेवरची पर्यायी गोळी. ती गोळी एमडीवर चालत नाही. जो दोन्ही कप्प्यांत बसतो तो एकाही कप्प्यात सापडत नाही. कार्यकर्ता बागेत, स्टेशनवर भेटायला जातो, आणि हा माणूस पवनेच्या काठी.

आपली माणसं तरी कुठे बोलतात? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्याला गुन्हेगार म्हणायचं थांबवलं, आणि मग आपण फार शहाण्यासारखे वागायला लागलो. लग्नाचा हक्क, दत्तक, विमा. हे सगळं हवंच. पण नशेचं बोललो तर नाव खराब होईल, म्हणून गप्प. सुधांशू सरिया यांचा 'लव्ह' हा २०१५ चा चित्रपट घ्या. दोन मित्र मुंबईहून महाबळेश्वरला सुट्टीला जातात आणि पुढे त्या नात्यात संमतीची रेषा ओलांडली जाते. त्यात हा नशेचा प्रकार नाही, पण नकोसं झालेलं बोलायला शब्द न सापडणं आहे, आणि ते दिग्दर्शकाने सोपं करून टाकलेलं नाही. मराठीत असं लिहिलं जावं असं आम्हाला वाटतं. शुद्धीत नसलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ३७७ पूर्ण गेलं, आणि प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर लावायला तसं कलमच उरलं नाही. बंगल्यात असं घडलं तर त्याने तक्रार कुठल्या शब्दांत लिहायची?

राहता राहिली सगळ्यात तातडीची गोष्ट. जीएचबीचा डोस थोडा चुकला, वर दारू असली, की श्वास मंदावतो. बाकीच्यांना वाटतं, घोरतोय, झोपू दे. हाक मारून, हलवून उठत नसेल तर ती झोप नाही. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा. लोक करत नाहीत, कारण पोलिसांची भीती. एनडीपीएसच्या ६४अ कलमात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अटींवर संरक्षण आहे, पण मित्रासाठी फोन करणाऱ्याला तसं स्पष्ट संरक्षण नाही. ही उणीव भरून काढायची मागणी कोणी करायची, हे आपण प्रश्नोत्तरांत बोलू. तोवर एवढं: जीएचबीवर उतारा नाही, रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्ग तुंबलेला असतो, आणि डॉक्टरला काय घेतलं, किती वाजता घेतलं, हे खरं सांगावं लागतं.