नाव एक, अर्थ भलताच

मंडळी, साताऱ्याच्या व्याख्यानात आपण संज्ञा आणि अर्थ यांवर बोललो. आज सांगलीत समोर बरीच संगणकवाली मुलं दिसताहेत, म्हणून उदाहरण त्यांच्या कामातलंच घेऊ.

विंडोज इन्स्टॉलरच्या एमएसआय फाइलमध्ये सारांश-माहितीचा एक कप्पा असतो. त्यात 14 क्रमांकाच्या गुणधर्माचं नाव 'पेज काउंट', 15 क्रमांकाचं 'वर्ड काउंट'. आपण काय समजणार? पानं आणि शब्द. प्रत्यक्षात 14 मध्ये इन्स्टॉलरची किमान कोणती आवृत्ती लागेल ते असतं. 200 म्हणजे 2.0, 500 म्हणजे 5.0. आणि 15 मध्ये फायली दाबून भरल्यात का, वाढीव अधिकार लागतात का, अशा खुणा. हा कप्पा मुळात वर्डसारख्या दस्तऐवजांसाठी आखलेला. इन्स्टॉलरवाल्यांनी डबे घेतले, चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. म्हणजे हळदीच्या डब्यात साखर!

जुन्या शब्दाला नवा अर्थ देण्यात गैर काही नाही. 'वृद्धी' म्हणजे वाढ. पाणिनीने तिचा अर्थ आ, ऐ, औ असा केला. पण ते त्याने पहिल्याच सूत्रात सांगून टाकलं. आमचा आक्षेप आहे तो इथे. इन्स्टॉलरच्या स्थिरांकांची किंमत हेडर फाइलमध्ये, अर्थ संदर्भ-पुस्तिकेत. आणि व्हीबीस्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हेडर वाचताच येत नाही. मग तो डेटाबेस उघडताना नुसता आकडा टाकतो. 0 म्हणजे फक्त वाचणे, 1 म्हणजे बदल करून शेवटी कायम करणे, 2 म्हणजे बदल थेट लिहिणे. दुसऱ्याची स्क्रिप्ट उचलणाऱ्याला त्या 2 मधला धोका दिसणार कसा?

आपल्या वाईचं पाहा. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली आला, पण परिभाषासंग्रह त्याआधी, 1973 लाच, छापून झाला होता. तर्कतीर्थांच्या मंडळाला ठाऊक होतं, आधी शब्द ठरवा, मग लिहा. स्क्रिप्टच्या माथ्यावर स्थिरांकांची नावं स्वतः घोषित करायला दहा ओळी लागतात, तेवढं तरी करावं की नाही?

एक गोष्ट मात्र त्यांनी छान केलीय, न्यायाने सांगितलं पाहिजे. गुणधर्माचं नाव सगळं मोठ्या लिपीत असेल तर तो सार्वजनिक, बाहेरून आज्ञेत देता येतो. एक जरी अक्षर लहान असेल तर खासगी. 'ऑलयुजर्स' हा असाच सार्वजनिक. त्याला 1 दिलं तर प्रोग्राम यंत्रावरच्या सगळ्यांसाठी बसतो. काहीच दिलं नाही आणि पॅकेजातही नेमलेलं नसेल, तर बसवणाऱ्यापुरताच. मग मार्केट यार्डातल्या पेढीवर सकाळचा कारकून बिलं काढतो, आणि संध्याकाळचा आपल्या नावाने आत शिरून विचारतो, प्रोग्राम गेला कुठे?