खेळ एका प्रकरणात, सुरक्षा दुसऱ्या प्रकरणात

बालशिक्षणाचं एखादं धोरण वाचताना मी एक साधी चाचणी लावते. ते कागद मनातल्या मनात घेऊन सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत जायचं. तिथल्या एखाद्या टॉवेलच्या शेडमध्ये शिलाई करणाऱ्या बाईचं दोन-अडीच वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणायचं आणि विचारायचं, या कागदातलं या मुलापर्यंत नेमकं काय पोचतं? आज हीच चाचणी आपण एका महत्त्वाच्या दस्तऐवजाला लावू या. कंटाळा येणार नाही एवढं बघते.

हा दस्तऐवज म्हणजे ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा. तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी काय शिकावं आणि कसं, हे त्यात आहे. आधी त्याचं चांगलं बोलते, कारण ते खरंच चांगलं आहे. 'या वयात मूल खेळातूनच शिकतं' ही गोष्ट आपल्याकडे संशोधक कितीतरी वर्षं सांगत होते. या आराखड्याने ती अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणली. खेळाचे तीन प्रकारही नीट वेगळे केले. मुक्त खेळात मूल स्वतः ठरवतं. मार्गदर्शित खेळात ठरवतं मूलच, पण ताई मधेमधे बोट धरतात. नियोजित खेळ ताई आखतात आणि मुलं त्यात उतरतात.

एक उदाहरण घेऊ. सूत गुंडाळून येतं ते कागदी कोन तुम्ही पाहिले असतील. रिकामे चार कोन मुलासमोर टाका. ते एकावर एक चढवेल, पाडेल, तोंडाला लावून भोंगा करेल. हा मुक्त खेळ. ताईंनी विचारलं, "आणखी एक ठेवला तर पडेल का रे?" की झाला मार्गदर्शित. "लाल पट्टीचे इकडे, निळ्या पट्टीचे तिकडे" म्हटलं की नियोजित. तोल, मोजणी, वर्गीकरण, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळं त्यात आलं. खेळणी विकत आणायचीही गरज नाही.

मग अडचण कुठे आहे? आराखड्याच्या रचनेत. खेळाची चर्चा येते अध्यापनपद्धतीच्या प्रकरणात. मुलांची सुरक्षा येते बरीच पुढे, जादा महत्त्वाच्या मुद्द्यांसाठी राखलेल्या प्रकरणात, विकासातले अडथळे आणि दिव्यांगत्व यांच्या शेजारी. तुम्ही म्हणाल, पुस्तकात काहीतरी आधी आणि काहीतरी नंतर येणारच. मान्य. पण प्रशिक्षण, तपासणी आणि अहवालाचे नमुने याच प्रकरणांवरून तयार होतात. एक यादी खेळाची, एक सुरक्षेची, असं झालं की दोन्ही एकमेकींच्या आड येतात. खेळाची यादी म्हणते, मुलांना बाहेर न्या. सुरक्षेची यादी म्हणते, कुणाला काही होता कामा नये. काही झालं तर जाब विचारला जातो दुसऱ्या यादीवरून. मग कुठली ताई पहिली यादी पाळेल? मुलं सतरंजीवर, दाराला कडी, आणि कागदावर दोन्ही याद्या पूर्ण.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाले. त्यानंतर राज्यभर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सुरक्षा समित्या यांची चर्चा झाली. ते सगळं हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण तेव्हापासून 'बालसुरक्षा' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर फक्त कॅमेरा आणि कुलूप येतं. मूल कुठे खेळतं, कशाशी खेळतं आणि त्या वेळी ओळखीचं मोठं माणूस किती अंतरावर असतं, हे प्रश्न मागे पडले.

इथे एक संशोधन सांगते. नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी 2007 मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळांचे सहा प्रकार मांडले: उंचीवर चढणं, वेगाने धावणं-घसरणं, धारदार अवजारं हाताळणं, आग-पाणी यांसारख्या गोष्टींच्या जवळ खेळणं, दंगामस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. अशा खेळात मूल स्वतःचा अंदाज घ्यायला शिकतं, भीती आटोक्यात ठेवायला शिकतं. या क्षेत्रात जोखीम आणि धोका यांत फरक करतात. जोखीम मुलाला दिसते आणि थोडीफार जोखता येते. फांदी उंच आहे, चढू का? धोका मुलाला दिसतच नाही. फांदी आतून किडलेली आहे. मोठ्यांचं काम धोका काढायचा आणि जोखीम शिल्लक ठेवायची.

ही मांडणी मला पटते. पण ती उचलून जशीच्या तशी आपल्याकडे आणली की फसते, आणि सध्या पालकांसाठीच्या लेखांत, रील्समध्ये ती तशीच येते: "पडू द्या मुलांना, लागू द्या थोडं." ते सहा प्रकार घेऊन आता एमआयडीसीत चला. उंची म्हणजे सुताच्या गाठोड्यांची थप्पी. वेग म्हणजे रस्त्यावरचा टेम्पो. अवजार म्हणजे धागा कापायची कात्री. आग-पाणी म्हणजे रंगकामाचं उकळतं पाणी. नजरेआड जाणं म्हणजे मागे येणाऱ्या ट्रकच्या चाकापाशी जाणं. इथे जोखमीचं प्रत्येक रूप धोक्याचंही आहे. सँडसेटर लिहितात ते जिथे बालवाडी गृहीत धरता येते अशा देशातून. नॉर्वेत 2009 पासून साधारण एक वर्षाच्या पुढच्या मुलाला बालवाडीत जागा मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. दिवसभर लक्ष ठेवायला माणूस आहे, म्हणून तिथे "थोडं मागे सरा" म्हणता येतं. जिथे पुढे कुणी उभंच नाही, तिथे मागे कोण सरणार?

मूल खेळायचं काही थांबत नाही. जागा दिली नाही तर मिळेल त्या जागी खेळतं. म्हणून माझा मुद्दा असा आहे: या वयात खेळाची राखलेली जागा हीच सुरक्षेची पहिली व्यवस्था. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात हव्यात.

आता चाचणीचा निकाल बघू. मूल तीन बाबतींत गळतं.

पहिली बाब वेळेची. अंगणवाडी दिवसातले काही तास चालते. आईची पाळी आठ तासांची असो की बाराची, उरलेले तास मूल कुठे असतं, हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही.

दुसरी बाब वयाची. आराखडा तिसऱ्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी 2024 मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने 'नवचेतना' आणलं. बाळाशी बोला, गाणी म्हणा, वस्तू हाताळू द्या, असे छान उपक्रम त्यात आहेत. पण ते करायचे घरी, सांभाळणाऱ्या माणसाने. तो माणूस पाळीवर गेला असेल तर? तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडी घरपोच आहार देते, बसायला जागा देत नाही.

तिसरी बाब आकड्याची. 1948 च्या कारखाने अधिनियमात पाळणाघर सक्तीचं होतं ते तीसहून जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कलम 67 नुसार ही अट पन्नास कर्मचाऱ्यांची आहे, स्त्री-पुरुष मिळून. फक्त बायका मोजल्या की मालक बायकांना कामावर घ्यायला कचरतो, त्यामुळे सगळे मोजणं ही सुधारणाच. पण ज्या शेडमध्ये पंधरा-वीस माणसं आहेत तिथे जुना कायदाही लागू नव्हता आणि नवाही नाही. याच रस्त्याला पुढे कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत आहे. विडी घरी वळली जाते. तिथे कारखानाच घरात आल्यावर डोकी मोजणार कुठे? मूल तंबाखूच्या सुपाशेजारीच रांगतं.

घर आणि कारखाना एकमेकांत मिसळले की काय होऊ शकतं, हे याच एमआयडीसीने पाहिलंय. 18 मे 2025 च्या पहाटे एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आवारात राहणारी माणसं आत अडकली आणि आठ जणांचा जीव गेला. त्यांत दीड वर्षाचं एक बाळ होतं, मालकाच्याच कुटुंबातलं. खेळातून शिक्षणाचा कुठलाही आराखडा त्या पहाटे उपयोगी पडला नसता, आणि तसा दावा मी करत नाही. पण मूल जिथे झोपतं, रांगतं, खेळतं तिथे साठवलेलं सूत किती, बाहेर पडायच्या वाटा किती, हा बालसुरक्षेचा प्रश्न आहे असं शिक्षणाच्या कागदांना वाटतच नाही. तो अग्निशामक दलाचा विषय आणि शिक्षण हा वेगळा विषय, अशी आपली वाटणी आहे.

ही वाटणी मोडण्याचा प्रयोग महाराष्ट्रात फार पूर्वी झालाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. कारण अगदी व्यवहारी होतं: धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते, म्हणून तिची शाळा बुडते. धाकट्याची सोय झाली की थोरली वर्गात येते. 'अंगणवाडी' हा शब्द आपण त्यांच्या कामातून घेतला, पण पाळणाघर मात्र तिथेच सोडून आलो.

"छोट्या मालकाला हे परवडणार कसं?" हा आक्षेप रास्त आहे. वीस माणसांच्या शेडला एकट्याने पाळणाघर चालवणं झेपणार नाही. पण त्याच कलम 67 मध्ये एक वाट आहे: अनेक आस्थापनांनी पैसे एकत्र करून सामाईक पाळणाघर चालवायची मुभा. कायद्याने बांधलेल्या मोठ्या कारखान्यांसाठी ती लिहिलीय, पण त्याच खोलीत शेजारच्या लहान शेडमधली मुलं आली तर कोण अडवणार? एकमेकांना लागून असलेल्या शेडची एमआयडीसी याला सगळ्यात सोयीची जागा. तळमजल्यावरची खोली, सुताच्या साठ्यापासून लांब, बाहेर पडायला दोन दारं, पाळीइतके तास, आणि नियमित पगार मिळणाऱ्या दोन प्रशिक्षित ताई. आत खेळायला रिकामे कोन आणि चिंध्यांचे चेंडू. खेळाची यादी आणि सुरक्षेची यादी इथे एकच होते.

माझी आराखड्याबद्दलची तक्रार एवढीच. तो खेळ कसा असावा हे उत्तम सांगतो, पण खेळायला जागा, वेळ आणि माणूस आधीच आहेत असं धरून चालतो. पुढच्या वेळी बालशिक्षणाचं एखादं नवं धोरण किंवा शाळेचं माहितीपत्रक हातात आलं, तर त्यातली चित्रं बघायच्या आधी तीन गोष्टी शोधा: दिवसाचे किती तास, कोणत्या वयापासून, आणि किती डोकी भरल्यावर. मूल गळणार असेल तर यातल्याच एखाद्या ठिकाणी गळेल.