नागपूरकर भोसल्यांचा इतिहास आणि त्याचे लेखक

राज्य बुडाले म्हणजे त्याचे किल्ले, खजिना आणि जडजवाहीर जेत्याच्या हाती जाते, हे सर्वांस ठाऊक असते; परंतु त्या राज्याचा इतिहासही बहुधा त्याच सुमारास जेत्याच्या हाती जातो, ही गोष्ट तितकीशी ध्यानात येत नाही. नागपूरचे भोसल्यांचे राज्य डलहौसीने इ. स. १८५४ मध्ये खालसा केले. राजवाड्यातील हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले आणि जवाहीर कलकत्त्यास नेऊन विकण्यात आले. ह्या लिलावाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण राज्य जाण्यापूर्वी सत्तावीस वर्षे, म्हणजे १८२७ सालीच, त्या राज्याची तपशीलवार हकीकत रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स ह्याच्या लेखणीने इंग्रजीत छापून निघाली होती, तिच्या परिणामांचा विचार मात्र आमच्याकडे थोड्यांनीच केला असेल. प्रस्तुत लेखात भोसल्यांचा इतिहास पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. तो ज्यांनी लिहिला त्यांनी काय पाहिले आणि कशाकडे पाठ फिरविली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

जेन्किन्सचा ग्रंथ टाकाऊ आहे असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याच्याशी सहमत होणार नाही. खेड्यांची व्यवस्था, सारा बसविण्याची रीत, पाटलांचे हक्क, जातींचे व धंद्यांचे वर्णन, अशी जी माहिती त्याने जमा केली तिच्यावाचून आजही कोणाचे चालत नाही. दोष आहे तो निराळाच. १८१७ च्या नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांस सीताबर्डीच्या टेकडीवर जी लढाई झाली तीत जेन्किन्स हा एक पक्षकार होता. आप्पासाहेबास पदच्युत करण्यात त्याचाच हात होता. आणि पुढे तिसऱ्या रघूजीच्या अल्पवयात १८१८ पासून १८२६ पर्यंत राज्याचा सर्व कारभारही त्याच्याच हुकमतीखाली चालला. पक्षकार, साक्षीदार आणि न्यायाधीश अशा तिन्ही वस्त्रांत एकच पुरुष वावरू लागला म्हणजे निकाल कसा लागावयाचा हे सांगणे नको. आधीच्या कारभाराची अव्यवस्था जितकी गडद दिसेल तितकी आपल्या बंदोबस्ताची शोभा अधिक, हे गणित त्याच्या रिपोर्टाच्या पानोपानी आहे.

ह्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, आमच्या भाषेतील भोसल्यांची प्रसिद्ध बखरही ह्या छायेतून सुटलेली नाही. काशीराव राजेश्वर गुप्ते ह्यांची नागपूरकर भोसल्यांची बखर जेन्किन्सच्याच सांगण्यावरून सिद्ध झाली. भाषा आमची, लेखक आमचा, आठवणी दरबारातल्या. पण विचारणारा परका. ज्यास सांगावयाचे तो राज्याचा खरा धनी होऊन बसलेला असता लेखणी कोठे धीट चालेल आणि कोठे अडखळेल, हे कोणाही कारकुनास कळण्यासारखे आहे. म्हणून बखरीत अमुक लिहिले आहे एवढ्यावरून ते स्वकीयांचे निर्भेळ मत होय असे समजणे धोक्याचे आहे. प्रश्न ज्याने विचारला, उत्तराचा अर्धा आकार त्यानेच ठरविलेला असतो.

परकीयांनी रचलेल्या ह्या चौकटीस महाराष्ट्रात पहिला धक्का दिला तो नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी. ग्रांट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी कीर्तन्यांनी ऐन विद्यार्थिदशेत त्याजवर टीका केली. १८९८ पासून राजवाड्यांनी साधनांचे खंड छापण्यास आरंभ केला. सरदेसायांनी रियासती लिहिल्या, आणि १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादकत्वाखाली बाहेर पडले. ही कामगिरी डोंगराएवढी आहे. परंतु तिचा मध्यबिंदू पुणे. पुण्याच्या दप्तरातून नागपूरकडे पाहिले म्हणजे भोसले हे बहुतेक वेळा हट्टी, फटकून वागणारे, ऐन वेळी पाय मागे घेणारे असेच दिसावयाचे. १७४३ साली बंगालच्या चौथाईवरून बाळाजी बाजीराव आणि रघूजी ह्यांच्यात जे वितुष्ट आले, आणि पेशव्याने अलिवर्दीखानाचा पक्ष घेऊन रघूजीस जे मागे हटविले, ते प्रकरण पुण्याच्या कागदांत एक प्रकारचे दिसते. नागपुरात बसून पाहणाऱ्यास ते निराळे दिसणे स्वाभाविक होते. शाहू महाराजांनी दोघांस प्रांत वाटून देऊन तंटा मिटविला, ह्यावरूनच रघूजीचे म्हणणे अगदी पोकळ नव्हते हे उघड आहे.

नागपूरच्या बाजूने पाहणारा इतिहास मराठीत ज्यांनी परिश्रमपूर्वक उभा केला ते यादव माधव काळे होत. त्यांचा वऱ्हाडचा इतिहास १९२४ साली निघाला आणि नागपूर प्रांताचा इतिहास १९३४ साली. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारातील नागपूरविषयक खंडाचे संपादनही त्यांनीच केले. गोंड राजांपासून भोसल्यांपर्यंतची सलग हकीकत मराठी वाचकाच्या हाती एका ठिकाणी देणे, आणि इंग्रजी कागद व मराठी कागद ही समोरासमोर मांडणे, हे काम त्यांच्यापूर्वी ह्या प्रांतात इतक्या निष्ठेने कोणी केले नव्हते. साधनांची अडचण किती होती ह्याचाही विचार केला पाहिजे. काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली आगीत जळाला; नगारखान्याची कमान तेवढी राहिली. ज्या राज्याचा वाडा असा गेला त्याचा इतिहास पुण्याच्या आणि रेसिडेन्सीच्या, म्हणजे कधी रुसलेल्या भाऊबंदांच्या आणि कधी शत्रूच्या दप्तरातून वेचून काढावा लागला. १९५० पासून नागपूर रेसिडेन्सीचे कागद डॉ. एच. एन. सिन्हा ह्यांच्या संपादनाने छापून निघू लागले, त्यामुळे पुढील अभ्यासकांची सोय झाली. पण तेही दप्तर रेसिडेंटाचेच.

इतके श्रेय मोकळ्या मनाने दिल्यावर आता जे उणे वाटते तेही सांगितले पाहिजे, आणि ते कोणा एका ग्रंथकाराचे नसून आम्हां सर्वांच्या वाचनाचेच उणे आहे. इंग्रजांनी आमचे राज्य कसे घेतले ह्याची हकीकत आम्ही बारकाईने लिहितो व वाचतो. देवगावचा तह, सीताबर्डीची लढाई, दत्तकाचा नाकारलेला हक्क, ह्यांपैकी एकही कलम आमच्या नजरेतून सुटत नाही. पण भोसल्यांनी दुसऱ्यांची राज्ये कशी घेतली, ह्या ठिकाणी आले की आमची लेखणी घोड्यावर बसते.

बंगालचेच उदाहरण घ्या. १७४२ साली भास्करराम कोल्हटकर फौजेसह बंगालात उतरले. १७४४ च्या मार्चअखेर अलिवर्दीखानाने त्यांस व त्यांच्या सरदारांस भेटीस बोलावून डेऱ्यात दगा दिला व ठार मारले. हा दगा आमच्याकडे शाळकरी मुलांसही सांगता येईल. परंतु त्याच स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यांची काय दशा झाली हे कोणास विचारावे? गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात महाराष्ट्रपुराण म्हणून एक काव्य लिहिले, त्यात गावे सोडून पळणाऱ्या लोकांचे वर्णन आहे: ब्राह्मण पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन निघाले आहेत. ते काव्य १९६५ साली इंग्रजीत भाषांतरित झाले. कलकत्त्यातील इंग्रजांनी मराठ्यांच्या धाकाने खणलेल्या खंदकास मराठ्यांचेच नाव पडले, आणि बंगालच्या अंगाईगीतांत बारगीर अद्याप येतो. ज्या स्वारीची आठवण परप्रांतातील आया दोनशे वर्षे मुलांस निजविताना काढतात, ती आमच्या इतिहासात चौथाईच्या बारा लाखांचा आकडा आणि १७५१ चा तह एवढ्यावर आटोपावी, हे ठीक नव्हे.

गोंडांची गोष्ट तर आमच्या घराजवळची. नागपूर शहर वसविले ते देवगडच्या बख्त बुलंद राजाने, अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी. त्याच्या चांद सुलतानाने येथे राजधानी आणली. चांद सुलतानाच्या मागे गादीचा तंटा पडला, तेव्हा त्याच्या विधवेने रघूजीस वऱ्हाडातून मदतीस बोलाविले. रघूजी आला, तंटा मिटविला, मदतीबद्दल मुलूख घेतला. पुढे भावाभावांत पुन्हा बिनसले तेव्हा पुन्हा आला, आणि ह्या खेपेस परत गेला नाही. बुऱ्हाणशहास राजा ही पदवी आणि नेमणूक राहिली. राज्य भोसल्यांकडे आले. वाचकांनी हीच वाक्ये पुन्हा वाचावीत, आणि रघूजीच्या जागी कंपनी व गोंडाच्या जागी भोसले अशी नावे घालावीत. घरचा तंटा, मदतीस बोलाविलेला बलिष्ठ शेजारी, मदतीचे मोल, मग अल्पवयी राजा आणि नेमणूक: हीच कथा सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी उलटून आली. गोंडांच्या बाजूने ती लिहिणारा बखरकार झाला नाही. सातपुड्यातील राजगोंडांवर स्वतंत्र ग्रंथ १९२३ साली निघाला तोही विल्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा.

हा पेच एकट्या नागपूरचा नव्हे. इंग्रजांनी आमच्याआधी जो देश जिंकला त्या आयर्लंडात सतराव्या शतकात जेफ्री कीटिंग नावाचा एक धर्मोपदेशक होऊन गेला. स्पेन्सरसारख्या इंग्रज लेखकांनी आयरिश लोकांस रानटी ठरविले होते, त्यांस उत्तर म्हणून त्याने १६३४ च्या सुमारास आयरिश भाषेत आपल्या देशाचा इतिहास पुरा केला. परकी लेखक देशातले चांगले सोडून वाईट तेवढेच वेचतात, हा त्याचा आक्षेप आमच्या कीर्तने-राजवाड्यांच्या तोंडी सहज शोभेल. परंतु गंमत अशी की कीटिंग हा मूळ आयरिश वंशाचा नव्हता. त्याचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी त्याच देशावर चालून आलेल्या नॉर्मन लोकांपैकी. साहजिकच नव्या इंग्रजांच्या जुलमाविषयी लिहिताना त्याच्या लेखणीस जी धार येते, ती पूर्वजांच्या विजयाविषयी लिहिताना बोथट होते. तो विजय धर्मास धरून झाला, त्याने लोकांची भाषा बुडविली नाही, दोष काय तो चार-पाच सरदारांचा, असे समर्थन तो करतो. त्यात तथ्य नाही असे नाही. भोसल्यांविषयीही असेच म्हणता येईल: ते ह्या मातीत राहिले, येथेच मेले, त्यांचा पैसा विलायतेस गेला नाही, आणि गोंड राजास त्यांनी नगरातून घालवून दिले नाही. हा फरक मोठा आहे. पण समर्थन हे चौकशीच्या शेवटी यावे, चौकशीच्या ऐवजी येऊ नये.

त्याच देशाने दुसरा धडाही दिला आहे. १६४१ च्या आयरिश बंडात इंग्रज वसाहतवाल्यांचे जे हाल झाले त्यांच्या हजारो जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. दोनअडीचशे वर्षे एका पक्षाने त्या अक्षरशः खऱ्या धरल्या, दुसऱ्याने साफ खोट्या ठरविल्या. फ्रूड ह्या इंग्रज इतिहासकाराने १८७२ च्या सुमारास आयरिश लोकांवर जो ग्रंथ लिहिला त्यास खोडून काढणारा लेकी हा स्वतः आयर्लंडातील सत्ताधारी प्रॉटेस्टंट समाजात जन्मलेला होता. आपल्याच पक्षाच्या पुराव्याची त्याने उलटतपासणी केली, म्हणून त्याचा शब्द विरुद्ध पक्षासही मानावा लागला. गंगारामाचे काव्य असेच तपासले पाहिजे. कवी आहे, अतिशयोक्ती करील. पण त्याची साक्ष न ऐकताच त्यास खोटा ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि ही तपासणी नागपूरकराने केली तर तिचे वजन अधिक पडेल.

आपल्या पूर्वजांची उणी उजेडात आणल्याने त्यांचे मोठेपण कमी होईल, अशी भीती काहींस वाटते. आम्हांस ती व्यर्थ वाटते. १८१८ च्या मे महिन्यात आप्पासाहेब इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले तेव्हा त्यांस आसरा मिळाला तो महादेवाच्या डोंगरात, गोंडांच्या मुलखात. ज्यांच्या राजाचे राज्य भोसल्यांनी घेतले होते त्याच जातीचे लोक भोसल्यासाठी इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. हे का घडले? जुना अपमान विसरला गेला होता, की नवे संकट जुन्याहून भयंकर वाटले, की दोन पिढ्यांच्या सहवासाने खरोखर काही नाते जडले होते? भोसल्यांच्या राज्याविषयीची सर्वांत अनुकूल साक्ष कदाचित ह्याच प्रसंगात दडलेली आहे. परंतु गोंडांचे राज्य कसे गेले हे ज्याने मोकळेपणे सांगितले नाही, त्यास ह्या प्रसंगाचे मोलही कळणार नाही.

नागपूरचा इतिहास पुन्हा लिहावयाचा झाल्यास तो मोडी आणि इंग्रजी कागदांबरोबर बंगाली व ओडिया साधने वाचून, आणि गोंडांच्या घरोघरच्या कथा ऐकून लिहिला जावा, एवढीच आमची सूचना आहे. ओडिशात भोसल्यांचा अंमल १७५१ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे होता. तेथील लोक त्याविषयी काय म्हणतात हे मराठी वाचकास आपल्या भाषेत वाचावयास मिळू नये ही उणीव भरून काढण्याजोगी आहे. काळ्यांनी एकट्याने जेवढे केले तेवढे पाहता, आज साधने व साहाय्य असलेल्या तरुण अभ्यासकांस हे अवघड जाऊ नये. तोपर्यंत घरोघरी काळ्यांचा ग्रंथ वाचला जावा. मात्र भास्कररामांच्या डेऱ्यातील दगा वाचून डोळे भरून आले असता, त्याच पानाच्या पलीकडे पोथ्या उराशी धरून नदीकाठाने पळणारी माणसेही असतील, ह्याची आठवण वाचकांनी ठेवावी.