धारणक्षमतेचा आकडा : वायुधारक सच्छिद्र पदार्थ आणि सिकलसेल औषधोपचार यांवरील संशोधनलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांमधून प्रसिद्ध होणाऱ्या आढावावजा शोधनिबंधांत दोन विषय अलीकडे विशेष लोकप्रिय आहेत. एक, वायू धरून ठेवणारे सच्छिद्र पदार्थ. दुसरा, औषधोपचारातील नवी प्रगती. हे दोन विषय दोन विभागांचे, एक रसायनशास्त्राचा व दुसरा औषधनिर्माणशास्त्राचा, म्हणून त्यांचा विचारही स्वतंत्रपणे होतो. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. रक्तातील हिमोग्लोबिन हासुद्धा वायू धरणारा पदार्थच होय. फुप्फुसात तो प्राणवायू धरतो व पेशींजवळ सोडतो. सोडले नाही तर धरण्याला काहीच अर्थ उरत नाही. 'प्रगती' म्हणून जे आकडे या लेखनात पुढे केले जातात ते बहुतांशी धरण्याचे असतात, सोडण्याचे नसतात. प्रस्तुत लेखात या प्रवृत्तीची चिकित्सा जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न केला आहे.

चिमटीतील पावणेदोन एकर

धातूचे अणू सेंद्रिय दुव्यांनी जोडून तयार होणाऱ्या जाळीदार स्फटिकांना 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क' म्हणतात. या क्षेत्रातील पायाभूत कार्याबद्दल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि साहजिकच आढावा-निबंधांना नवे बळ आले. अशा निबंधांची मांडणी जवळजवळ ठरलेली असते. १९९९ मधील 'मॉफ-५' पासून प्रारंभ, त्यानंतर पृष्ठक्षेत्रफळाचे चढते तक्ते, आणि शेवटी 'भविष्यात उज्ज्वल संधी'. २०१२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एका ग्रॅममागे सुमारे ७१४० चौरस मीटर पृष्ठक्षेत्रफळाचा पदार्थ तयार केला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर चिमटीभर भुकटीत पावणेदोन एकर रान! आकडा थक्क करणारा आहे, यात शंका नाही.

तथापि हा आकडा शुद्ध, कोरड्या व निर्वात केलेल्या नमुन्यावर नायट्रोजनच्या साहाय्याने, उणे १९६ अंश सेल्सिअसला मोजला जातो. भुसावळजवळील दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी उणे १९६ अंशाला चालत नाही. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारण १२ ते १५ टक्के असते. उरलेला बहुतेक भाग नायट्रोजनचा, आणि त्यासोबत पाण्याची वाफ, सल्फरचे ऑक्साइड व राखेचे सूक्ष्म कण. यांतील वाफ हा खरा शत्रू होय. 'मॉफ-५' ची चौकट हवेतील ओलाव्यानेच ढासळू लागते. ज्या पदार्थांची चौकट टिकते त्यांपैकी अनेकांच्या छिद्रांत पाणीच आधी जाऊन बसते. सार्वजनिक नळावर पहिली रांग ज्याची, पाणी त्याचे, असा हा प्रकार आहे.

या दृष्टीने 'काल्फ-२०' या पदार्थाचे उदाहरण अभ्यसनीय आहे. जस्त, ट्रायझोल व ऑक्झॅलेट यांसारख्या सामान्य घटकांपासून बनणाऱ्या या पदार्थावरील शोधनिबंध कॅल्गरी विद्यापीठाच्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुण्याच्या आयसर संस्थेतील रामनाथन वैद्यनाथन त्याच्या लेखकांपैकी एक आहेत. याचे पृष्ठक्षेत्रफळ ग्रॅममागे अवघे पाचशे चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे उपरोक्त विक्रमाच्या तेराव्या-चौदाव्या हिश्शाइतके. पृष्ठक्षेत्रफळाच्या तक्त्यात हा पदार्थ तळाशी गेला असता. परंतु सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असताना तो पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडला पसंती देतो, वाफेने खराब होत नाही, आणि धरलेला वायू फारशी उष्णता न मागता सोडतो. कॅनडातील सिमेंट कारखान्याच्या धुरावर त्याचा प्रत्यक्ष वापर करून पाहण्यात आला. द्रवरूप अमाइनची जुनी पद्धत वायू घट्ट धरते खरी, परंतु सोडवून घेण्यासाठी द्रावण सुमारे १२० अंशांपर्यंत तापवावे लागते. त्यासाठी वीजकेंद्राचीच वाफ खर्ची पडते.

अर्थात 'काल्फ-२०' चाही जयघोष जपूनच करावा लागेल. मूळ निबंधातील दीर्घकालीन चाचणी नैसर्गिक वायूच्या ज्वलनातून निघणाऱ्या धुरावर झालेली आहे. दीपनगरचा धूर कोळशाचा आहे. तो थंड करताना आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर सहज जाते. हा फरक नोंदविल्याशिवाय हा पदार्थ आपल्याकडील वीजकेंद्रांना उपयुक्त ठरेल असे लिहिणे म्हणजे एका गावचा सातबारा दुसऱ्या गावच्या शेताला लावणे होय.

खानदेशात कपाशीच्या पऱ्हाट्या, केळीची खोडे व साली यांपासून सच्छिद्र कार्बन बनविण्याचे विषय विद्यार्थ्यांना सुचतात, आणि ते योग्यच आहे. येथे वायुधारणेचा आणखी एक घरचा प्रश्न आहे, तो आढाव्यांत क्वचितच येतो. रावेर-यावलची केळी प्रवासात इथिलीन वायू सोडतात व त्यामुळे वेळेआधी पिकतात. पोटॅशियम परमँगनेट शोषवलेल्या सच्छिद्र खड्यांच्या पुड्या खोक्यांत ठेवून हा वायू नष्ट करता येतो. केळीच्या साठवणीत आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखावी लागते. म्हणजे येथेही परीक्षा ओल्या हवेतच आहे. कोरड्या नमुन्याचे पृष्ठक्षेत्रफळ मोजण्यासाठी महागडे उपकरण लागते व नमुने बाहेर पाठवावे लागतात. ओल्या हवेत वीस वेळा भरून-रिकामा करून पदार्थ किती टिकतो, हे पाहण्यास मात्र चांगला तराजू व चिकाटी पुरेशी आहे. निबंधसंख्येवर पदोन्नतीचे गुण मिळण्याच्या काळात चिकाटीला गुण नाहीत, ही बाब वेगळी.

हिमोग्लोबिन वाढले, पुढे काय?

सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील पावरा, भिल्ल इत्यादी आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. प्राणवायू सोडल्यानंतर सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून साखळ्या बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, आणि असह्य वेदनांचे झटके येतात. प्राणवायू सोडूच दिला नाही तर साखळ्या बनणार नाहीत, या तर्कावर 'व्हॉक्सेलोटर' हे औषध आधारलेले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७४ रुग्णांच्या चाचणीत जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरमागे एक ग्रॅमहून अधिक वाढले. औषधविरहित गटात हे प्रमाण ७ टक्के होते. वेदनांच्या झटक्यांत मात्र लक्षणीय घट दिसली नव्हती. तरीही अमेरिकेत त्याच वर्षी त्यास त्वरित मान्यता मिळाली, आणि आढावा-निबंधांत 'क्रांतिकारक' हे विशेषण त्याला चिकटले. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. नंतरच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू व वेदनांचे झटके अधिक दिसून आले होते. मान्यतेसाठी मोजले गेले ते धरणे. सोडण्याचा हिशेब मागाहून झाला.

याउलट हायड्रॉक्सीयुरिया हे १८६९ मध्ये प्रथम तयार झालेले जुने रसायन आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत मोजले गेले ते वेदनांचे झटकेच, आणि त्यांचा वार्षिक मध्यक औषधविरहित गटात साडेचार, तर औषध घेणाऱ्यांत अडीच होता. रुग्णाला जे हवे होते तेच मोजले गेले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम इतकी कमी व स्थिर मात्राही तीव्र आजार असलेल्या मुलांना गुणकारी ठरते, हे दाखविले. ही मात्रा महत्त्वाची आहे, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात व रक्ततपासणी वारंवार करावी लागते. पाड्यावरून तपासणीसाठी धुळ्यापर्यंत येणाऱ्या कुटुंबाची मजुरी बुडते. हा खर्च कोणत्याही आढाव्याच्या तक्त्यात नसतो.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी आवश्यकच आहे. परंतु तपासणीची संख्याही धारणक्षमतेसारखीच आहे. किती रुग्ण सापडले यापेक्षा सापडलेल्यांपैकी किती जण वर्षभर औषध घेत राहिले, हा आकडा संशोधकाने मागावयास हवा.

औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासकांपुढे तर विषय तयारच पडला आहे. हायड्रॉक्सीयुरियाची नेहमीची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते. नागपूरच्या मात्रेनुसार पंधरा किलो वजनाच्या मुलास दिवसाला १५० मिलिग्रॅम पुरते. कॅप्सूल फोडून भुकटी अंदाजाने वाटणे हा उपाय नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२४ मध्ये बालकांसाठी योग्य असे रूप विकसित करण्यासाठी औषध कंपन्यांकडून प्रस्ताव मागविले. हे रसायन ओलावा शोषून घेणारे आहे. मे महिन्यातील शिरपूरच्या उन्हात आणि त्यानंतर लगेच येणाऱ्या पावसाळ्याच्या दमटपणात, शीतकपाट नसलेल्या घरात, त्याची गुणवत्ता किती दिवस टिकते, हे मोजण्यासाठी खानदेशाइतकी सोयीची प्रयोगशाळा दुसरी नाही.