चोवीस तासांची माती

आमच्याकडे मातीला जायची एक रीत आहे. गावात कुणी गेलं की कुणी सरणाचं बघतं, कुणी पाहुण्यांना फोन लावतं आणि बाकीचे ओट्यावर गप्प बसून राहतात. त्या घरात चूल पेटत नाही. पिठलं-भाकरी शेजारून येते. जवळचा किती रडणार, लांबचा किती बोलणार, हे कुणी शिकवलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. मोबाइलवरच्या दुखवट्यात हे जवळचं-लांबचंच पुसलं जातं. आणि गप्प बसायला तर तिथे जागाच नाही. गप्प बसलेला माणूस तिथे दिसतच नाही.

३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला अपघात झाला. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी परळीत पंकजा मुंडे यांनी अग्नी दिला. ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या गावी आलेल्या होत्या. ज्यांच्या मजुरीसाठी मुंडे लवादात बसत, ती माणसं परळीच्या वाटेला लागली. व्हॉट्सॲप तेव्हा नवं. चोवीस तासांत पुसलं जाणारं स्टेटस २०१७ साली आलं, त्यामुळे लोकांनी डीपी बदलले. आमच्या ओळखीत काहींचा तो डीपी दिवाळीपर्यंत तसाच होता. आता ३ जून आणि १२ डिसेंबरला तेच फोटो स्टेटसला येतात, दुसऱ्या दिवशी त्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक असतो.

या श्रद्धांजल्या एक साहित्यप्रकार म्हणून वाचून बघा. भाषा सगळी चौकातल्या फ्लेक्सवरून आलेली: ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’, ‘एका युगाचा अंत’. खाली गॉगल घातलेले शोकाकुल. मग ‘साहेबांसोबतचा तो क्षण’, ज्यात साहेब कडेला आणि आपण मधोमध. हसू येतं खरं. पण ज्याला आयुष्यात एकदाच, कुणाच्या तरी लग्नात, तो फोटो मिळाला, त्याच्याकडे आपल्या नात्याचा दुसरा पुरावा काय असतो? ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या तेव्हा बीडचे ऊसतोड मजूर फडात होते. कोपीत चार्जिंग वाचवत कुणी त्यांचं गाणं स्टेटसला ठेवलं असेल, तर त्याला दिखावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच दिवशी शिवाजी पार्कवर शाहरुख खानने दुआ मागून फुंकर घातली आणि तो थुंकला, असा गहजब इंटरनेटवर झाला. ओट्यावर बसलेल्यांनी दुसऱ्याची रडायची पद्धत तपासली असती का? तपासली असती, खरं सांगायचं तर. बायका कुजबुजतातच, की अमकी रडलीच नाही. फक्त ती कुजबुज पाराच्या पलीकडे जात नसे.

अफवेकडे मात्र मी जरा वेगळं बघतो. परळीतल्या गर्दीने सीबीआय चौकशी मागितली, चौकशी झाली, अपघातच निघाला. तरी जानेवारी २०१९ मध्ये लंडनमधल्या एका पत्रकार परिषदेत, ईव्हीएमचं गुपित माहीत होतं म्हणून मुंडेंचा खून झाला, असा दावा झाला आणि तो इथल्या ग्रुपांवर पुन्हा फिरला. पुरावा काहीच नव्हता. फॉरवर्ड करणारे सगळे खोटारडे नव्हते. ‘गेले’ हे त्यांना पाच वर्षांनीही गिळता आलं नव्हतं.

आणि मग मस्साजोग. सरपंच संतोष देशमुख काही सेलिब्रिटी नव्हते. ९ डिसेंबर २०२४ ला त्यांचा खून झाला आणि त्यांचं नाव राज्यभर पोचलं. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या छळाचे, आरोपपत्रातले फोटो बाहेर आले. त्यांनी संताप उसळला, लोक रस्त्यावर आले, हे मला नाकारता येत नाही. पण तेच फोटो श्रद्धांजली म्हणूनही फिरत होते, वर ‘भावपूर्ण’ लिहून. आपल्यात मयताचं तोंड बघायलाही घरच्यांची परवानगी लागते. इथे एका माणसाचे शेवटचे हाल त्याच्या लेकराच्या हातातल्या मोबाइलपर्यंत जाऊ शकत होते, आणि पाठवणाऱ्याला वाटत होतं की आपण दुःखात सामील झालो.

आमच्या एका ग्रुपवर तो फोटो आला तेव्हा मी डाउनलोड केला नाही. कुणाला काही बोललोही नाही. संध्याकाळी ग्रुप उघडला तर धूसर चौकोनाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती.